दोन जीबीत मावेल असं

सोसायटीचा लॅपटॉप सुरू व्हायला
अकरा मिनिटं लागतात. मी मोजलीत.
तेवढ्यात खालची टाकी निम्मी भरते,
बेचन पंपाशी विडी ओढून येतो,
आणि पडद्यावर ते वर्तुळ अजून
घाण्याच्या बैलासारखं फिरतच असतं.

धुरी म्हणाले, भंगारात द्या.
बिल्डिंगच पडायचीय वर्षभरात,
डेव्हलपर नवा देईल. करारात टाकू :
जिम, पोडियम, एक लॅपटॉप.
मी खजिनदार. म्हटलं, तोवर पावत्या काय
तुमच्या कपाळावर छापू?

म्हणून रविवारी तिसऱ्या मजल्यावरचा इमाद परकार
खिशात दोन पेनड्राइव्ह घेऊन आला.
पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष.
आधी त्याने लॅपटॉप पालथा घातला,
स्क्रू काढून माझ्या चहाच्या बशीत ठेवले
आणि पंख्यातून फुंकून काढली
कन्नमवार नगरची नऊ वर्षांची धूळ.
"दोनच जीबी रॅम आहे, काकू,"
डॉक्टर सांगतात तसं, एकच किडनी आहे.
"चालतं. फक्त पथ्य पाळायचं."

मग नावं सांगायला लागला.
एकाचं नाव पपी. अगदी हलकं,
पण सोसायटीच्या इतिवृत्ताला कुत्र्याचं पिल्लू?
एक मिंट. दिसायला घरच्यासारखं,
पण ह्याला धाप लागेल, म्हणाला.
लुबुंटू मधलं. चालेल, कुरकुरत.
आणि अँटीएक्स, सगळ्यात काटक.
रूप मात्र सरकारी अर्जाचं.
मला सरकारी अर्ज आवडतात, बाळा.
चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलीत मी.

बसवण्याआधी चालवून बघता येतं म्हणे.
अनामत नाही, करार नाही,
नाही पटलं तर पेनड्राइव्ह उपसायचा.
असे भाडेकरू आम्हाला कधी मिळाले नाहीत.
मी प्रत्येकात एकच ओळ उघडून बघितली :
सौ. उर्मिला तांडेल, खजिनदार.
पपीत माझे चौकोन झाले,
रिकाम्या केलेल्या खोल्यांसारखे, ओळीने.
अँटीएक्समध्ये अक्षरं आली, पण रफार घसरला,
वेलांटी भलत्याच्याच डोक्यावर.
इमादने मोबाइलवरून फॉन्ट उतरवला,
दोनदा काही टाइप केलं,
आणि रफार निमूट 'मि'वर जाऊन बसला.
हेच, मी म्हटलं.
मेमरी-बिमरी नंतर बघू.

"डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल."
खाली दोन बटणं. इमाद थांबला.
मी आत शिरले. ऑडिट घेतलं, थकबाकी घेतली,
पूजेचे तीनशे फोटो, त्यातले दोनशे कुणाच्या तरी पाठीचे,
सोडले.
घाटपांडे सेक्रेटरी होते तेव्हाची एक फाइल सापडली,
नाव नुसतं "पाणी".
रोजची नोंद. एक दिवस चुकवलेला नाही :
६.१० ते ६.५५. दाब कमी.
६.०५ ते ६.४०. गढूळ.
६.१५. आले नाही. वॉर्डात फोन केला.
मग एका मंगळवारपासून काहीच नाही.
त्या मंगळवारी आम्ही सगळे घाटपांड्यांकडे होतो, दारात चपला मावत नव्हत्या.
"वजन किती रे ह्याचं?"
"बत्तीस केबी, काकू. काहीच नाही."
घे म्हटलं.

आता चाळीस सेकंद लागतात.
बेचनची विडी पेटतपण नाही तोवर.
शिडीवरून धुरी फोनवर सांगताना ऐकू येतात,
पोडियमवर झाडं पण लावणार आहेत,
आणि माझ्याकडे सकाळची
दहा मिनिटं उरतात, जी कुठल्याच खात्यात बसत नाहीत.
काल ती फाइल उघडली.
शेवटच्या ओळीखाली कर्सर लुकलुकत होता.
६.२० ते ६.५०, मी लिहिलं.
दाब बरा.